बिडीच्या पुड्यातलं सतरा नंबर

"सतरा नंबरचं टेन्शन घेऊ नका मॅडम," अमेय म्हणाला. "ते विलास सर नव्यानं काढून देतायत."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी जपून बशीत ठेवला. आदळायची फार इच्छा होती, पण टेबलभर कार्डं मांडलेली होती.

चार ओळी, एकेका ओळीत सहा कार्डं. पत्त्याएवढी, कडा पिवळ्या पडलेल्या. तांबट, कुंभार, बुरूड, लोहार, कासार, सुतार. तिसऱ्या ओळीत पाचवी जागा मात्र रिकामी होती. तिथे अमेयनं एक कोरा कागद कापून ठेवला होता आणि त्यावर पेन्सिलीनं '१७' लिहिलं होतं.

"नव्यानं म्हणजे कसं?" मी विचारलं.

"ओरिजिनल कुठे सापडतच नाहीये. मग विचार केला, ज्यांनी सिरीज केली त्यांनाच विचारावं. सर लगेच हो म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण किती मोठेपणा ना?"

मोठेपणा! सतरा नंबरचं कार्ड विलासनं काढलेलंच नव्हतं. ते मी काढलं होतं. चोवीसांतलं तेवढं एकच माझं होतं आणि नेमकं तेवढंच हरवलं होतं.

आता हे प्रकरण नीट सांगते, कारण आजकालच्या लोकांना ही कार्डं माहीत नसतात.

अमेयच्या आजोबांचा सिन्नरला बिडीचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. अमेयच्या वडिलांनी द्राक्षबागा केल्या आणि अमेयनं आता गंगापूर रोडला कॅफे काढायला घेतला होता. आजोबांच्या काळात बिडीच्या प्रत्येक पुड्यात एक रंगीत कार्ड टाकायचे. पुडा म्हणजे बिडीच्या बंडलांचा कागदात बांधलेला गठ्ठा. मालिकेचं नाव होतं 'आपले कारागीर'. चोवीस कार्डांचा पूर्ण संच कारखान्यात नेऊन दिला की एक सायकल मिळायची. बिडी ओढणाऱ्यांपेक्षा त्यांची पोरंच या कार्डांच्या जास्त नादी लागली होती. पानटपऱ्यांवर अदलाबदल चालायची. सलूनच्या आरशांभोवती कार्डं खोचलेली असायची. अमेयला ही कार्डं मोठी करून कॅफेच्या भिंतींवर लावायची होती. जुनी छपाई कशी साफ करायची हे जाणणारं माणूस त्याला हवं होतं, म्हणून तो इंदिरानगरला माझ्या घरी आला होता.

मी कमर्शियल आर्टिस्ट. म्हणजे माल दुसऱ्याचा आणि चित्र आपलं. आयुष्यभर मी कांद्याच्या गोण्यांवरचे छाप, द्राक्षांच्या पेट्या, लग्नपत्रिका आणि उदबत्तीचे पुडे केले. पुढे कॉम्प्युटर शिकले आणि आता लोकांचे जुने फोटो दुरुस्त करून देते. पण सुरुवात झाली ती सातपूरच्या एका छापखान्यात. तिथे आर्ट डिपार्टमेंट म्हणजे खिडकीपाशी दोन टेबलं. एक माझं, एक विलासचं.

विलास माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो मला 'अगं शालिनी' म्हणायचा, मी त्याला 'अहो विलासराव'. आमच्या हुद्द्यात काही फरक नव्हता, फरक एवढ्यातच होता. आणि हातात. तो मात्र मोठा फरक होता. मी कच्चं रेखाटन खोडून तिसऱ्यांदा काढत असायचे तोवर याचं चित्र रंगवून, वाळून, साहेबांच्या टेबलावर पोचलेलं असायचं. वर शीळ घालायचा. मला त्या शिळेचा अजून राग येतो.

मला त्याचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, पोटात कळ येईल असा. बिडीची सिरीज आली तेव्हा साहेबांनी ती सरळ त्याच्याकडे दिली. मग ती कार्डं गावभर झाली. सिटी बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरचं पोर विलासचा तांबट हातात धरून बसलेलं. आमच्या गल्लीत पोरं विलासच्या कुंभारावर भांडताहेत. एकदा माझी आईच तांबटाचं कार्ड घेऊन आली आणि म्हणाली, "किती जिवंत काढलाय गं! तूच ना?"

मी म्हटलं, "नाही." आई म्हणाली, "अगंबाई," आणि कार्ड पदराला पुसून कपाटात ठेवून दिलं. ठेवलं ते ठेवलंच.

सतरा नंबर माझ्याकडे आलं त्याचीही एक गोष्ट आहे. आमचे कर्णिक साहेब एक दिवस टेबलाशी आले. "शालिनी, तुम्ही येवल्याच्या ना? सतरा नंबर पैठणीचा विणकर आहे. तो तुम्ही करा. महत्त्वाचा नंबर आहे, नीट करा."

महत्त्वाचा नंबर! मला आकाश ठेंगणं झालं. येवल्याला आमच्या घराशेजारी माझे चुलते राहायचे. त्यांचा हातमाग होता. रविवारी मी एसटीनं गेले, मागाशी बसून त्यांचं रेखाटन केलं आणि त्यावरून चित्र रंगवलं. काका मागावर वाकलेले, चष्मा नाकावर घसरलेला, बोटांत जर धरलेली. विलासनं माझ्या खांद्यावरून चित्र बघितलं. "हं," म्हणाला आणि शीळ घालत गेला.

छपाईच्या दिवशी मी मशीनपाशी जाऊन उभी राहिले. कार्डं एकेक छापत नसत. एका मोठ्या शीटवर सगळी शेजारी शेजारी छापायची आणि मग कापायची. शीटमागून शीट पडत होती. सतरा नंबर त्या शीटवर नव्हतंच. ते कोपऱ्यातल्या छोट्या मशीनवर वेगळं छापलं आणि मशीन सुरू झालं तोच बंद झालं.

मी साहेबांकडे गेले. ते हसले. "अहो, सगळ्यांना सगळी कार्डं मिळाली तर शेठ सायकली कुठून देणार? प्रत्येक सिरीजमध्ये एक नंबर कमीच छापायचा असतो. म्हणून तर म्हटलं, महत्त्वाचा आहे."

त्यातून ज्या मूठभर लोकांना सतरा नंबर सापडलं, ते संच घेऊन कारखान्यात गेले आणि सायकलीवर बसून परत आले. तिथे सतरा नंबरला मोठं भोक पाडून ते बाद करायचे, म्हणजे त्याच कार्डावर दुसरी सायकल कुणी मागायला नको. बाद झालेली कार्डं रद्दीत. म्हणजे माझं चित्र मुळात छापलं थोडं आणि जे कुणाच्या हाताला लागलं तेही भोक पडून संपलं. विलासची तेवीस कार्डं घरोघर गेली. माझं एक कुणाला दिसलंच नाही.

पुढे विलास नोकरी सोडून चित्रकार झाला. मुंबईत प्रदर्शनं, पेपरात फोटो, पांढरी दाढी. आता त्याला सगळे 'सर' म्हणतात.

हे सगळं मी अमेयला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मुलगा गुणी आहे, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. साठी उलटलेली एक बाई, फोटो दुरुस्त करणारी, आणि सांगतेय की विलास सरांच्या सिरीजमधलं एक कार्ड तिचं आहे. तेही जे कुठेच नाही ते.

"प्रत्येक कार्डावर सरांची सही आहे ना मॅडम," तो म्हणाला.

"मग सतरावर माझी आहे."

"पण ते..."

"सापडत नाहीये. माहितीय. लाव फोन त्यांना."

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. विलासचा आवाज अजून तसाच खणखणीत.

"अगं शालिनी! किती वर्षांनी! अजून काम करतेस? वा, वा!"

मी सरळ विचारलं, "विलासराव, ते सतरा नंबर मी केलं होतं. पैठणीवालं. आठवतंय ना?"

तो म्हणाला, "हो का? मला आठवत नाही गं. किती कामं केली त्या काळात! असेलही, नसेलही. पण अमेयला अडचण नको म्हणून मी काढून देतोय. उद्घाटनाला येशील ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. 'आठवत नाही' म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

अमेयशी मी एवढंच ठरवून घेतलं. उद्घाटनाआधी मूळ कार्ड मिळालं, तर भिंतीवर मूळ कार्डच लागेल आणि खाली ज्यानं काढलं त्याचं नाव. नाही मिळालं, तर विलासचं नवं चित्र विलासच्या नावानं लागेल. तो हो म्हणाला. त्याला काय, कार्ड मिळणार नाही याची खात्रीच होती.

तोवर बाकीच्या तेवीस कार्डांचं काम सुरू करायचं होतं. पहिलं काम बिडीचं नाव काढायचं. तंबाखूची जाहिरात आता कायद्यानं करता येत नाही, म्हणून अमेयच्या वकिलानं सांगितलं होतं की कार्डाखालची कंपनीच्या नावाची पट्टी भिंतीवर दिसता कामा नये. पट्टी नुसती कापून टाकली तर चित्र बुटकं दिसतं. म्हणून पट्टीच्या जागी चित्राचा उरलेला भाग भरायचा. लोहाराच्या पायाखालची जमीन, कुंभाराच्या चाकाचा खालचा काठ, असं.

म्हणजे काय, तर मला विलासची चित्रं पूर्ण करून द्यायची होती. त्याच्या हातासारखा हात फिरवून!

स्क्रीनवर एकेक कार्ड भिंतीएवढं मोठं करून मी बसायचे. चूक शोधायचे. कुठे तरी हात चुकला असेल, सावली उलटी पडली असेल, एखादा पाय आखूड असेल. तांबटाच्या घनाची दिशा बघितली. बरोबर. बुरुडीणबाईच्या मांडीवरची टोपली बघितली. बरोबर. सुताराच्या कानावरची पेन्सिल त्यानं एका फटक्यात काढली होती, एका! कासाराच्या कार्डावर लहान मुलीच्या हातात बांगडी चढतेय आणि तिनं डोळे गच्च मिटलेत. ते बघताना मलाच मनगट चोळावंसं वाटलं. मग मी उठून भांडी घासली. एरवी आमच्याकडे भांड्यांना बाई आहे.

माझे यजमान म्हणाले, "तुला त्रास होतोय तर काम सोड ना."

"सोडते! म्हणजे तेही त्यालाच मिळेल."

सतरा नंबरचा शोध मी माझ्या परीनं घेतला. जुनी लेबलं, काड्यापेट्या जमवणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. तिथे विचारलं. सगळ्यांकडे तेवीस. पुण्याच्या एका संग्राहकानं लिहिलं, "सतरा आहे असं फक्त ऐकलंय. कुणी बघितलेलं नाही. मिळालं तर मला आधी सांगा." सायकल मिळालेल्या दोघांचा पत्ता लागला. एक म्हणाले, सायकल अजून आहे, कार्ड तेव्हाच दिलं. दुसरे म्हणाले, सायकल पण चोरीला गेली.

मग माझ्या डोक्यात आलं. सापडलेलं प्रत्येक सतरा नंबर सायकलीसाठी परत गेलं असणार. म्हणजे शिल्लक असेल तर ते अशा माणसाकडे, ज्याला कार्ड सापडलं पण सायकल नको होती. असा माणूस कोण असेल? मला एकच उत्तर सुचलं. ज्याला ते चित्र इतकं आवडलं, की त्यानं सायकल सोडली!

हा विचार मला फार गोड वाटला. दोन दिवस मी तो विचार जवळ बाळगून फिरत होते.

आणि खरंच असा माणूस निघाला. अमेयनं आजोबांच्या जुन्या सेल्समनला फोन केला होता. तो म्हणाला, हरसूलला काशिनाथ म्हणून एक किराणा दुकानदार आहेत, त्यांच्या दुकानात कार्डांची फ्रेम होती खरी, पूर्ण होती की नाही ते माहीत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी अमेयच्या गाडीनं निघालो. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. पाट्या, कोंबड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत दुकान शोधलं.

काशिनाथदादा गल्ल्यावर बसले होते. पंचाहत्तरीचे, डोक्यावर टोपी, कानावर भिकबाळीची खूण. आम्ही काय शोधतोय ते सांगितलं. त्यांनी मान वर केली.

त्यांच्या डोक्यावर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, काचेची एक मोठी फ्रेम होती. आत चार ओळी, एकेका ओळीत सहा. तिसऱ्या ओळीत पाचवे माझे काका बसले होते. चष्मा नाकावर घसरलेला. मधे भोक नाही, काही नाही.

अमेयनं मला स्टूल दिलं.

"दादा, पूर्ण संच आहे हा," अमेय म्हणाला. "सायकल मिळाली असती तुम्हाला!"

"हां. म्हाइत हाय की. सेल्समन लय मागं लागला व्हता. द्या म्हने, सायकल घ्या."

"मग दिली का नाहीत?" आता मी विचारलं. माझा आवाज मलाच कोवळा वाटला. "चित्रं आवडली होती? त्यातलं... हे सतरा नंबरचं?"

काशिनाथदादांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर बघितलं. समोर रस्ता वळत वर चढत होता.

"बाई, ह्या घाटात सायकल काय डोक्यावर घिऊन फिरू? चढाला ढकलायची नि उताराला मरायचं. नको म्हनलं. त्यापरीस फ्रेम बरी दिसतीय दुकानात."

अमेयला हसू आवरेना. मी पण हसले, काय करणार? ज्या चित्रासाठी कुणी सायकल सोडली असं मला वाटत होतं, ते डोंगराच्या चढामुळे वाचलं होतं.

दादांनी फ्रेम विकायला नकार दिला, पण न्यायला दिली. "लक्ष्मीपूजनाला मातर परत आनून द्यायची. गल्ल्याच्या पूजेत ती असती आमच्या." अमेयनं त्यांच्या पायांना हात लावून शब्द दिला.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते कार्ड स्कॅन करायचं. आता माझी सही दिसणार होती. मी ती मागाच्या तुळईवर केली होती, अगदी बारीक. नवी होते, मोठी सही करायचा धीर नव्हता. विलास तेव्हासुद्धा कोपऱ्यात दणदणीत सही ठोकायचा.

मी तुळई मोठी केली. आणखी मोठी केली. अमेय मागे उभा होता.

"कुठाय मॅडम?"

तिथे नुसते ठिपके होते. रंगीत छपाईत चित्र ठिपक्यांचं बनतं. चार रंगांचे बारीक बारीक ठिपके शेजारी पडतात आणि लांबून ते चित्र दिसतं. त्या ठिपक्यांहून बारीक रेघ असेल तर ती टिकत नाही, फुटून विरून जाते. हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले, की अक्षरं बारीक ठेवू नका, छपाईत जातील. माझीच सही गेली होती. तुळईवर तांबूस आणि काळ्या ठिपक्यांचा एक चट्टा उरला होता. मला ती 'शालिनी' दिसत होती. दुसऱ्या कुणाला दिसली असती तर तो डोळ्यांचा दोष म्हणावा लागला असता.

"काहीतरी आहे खरं," अमेय म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॅफेत विलास त्याचं नवं चित्र घेऊन येणार होता. अमेयनं मलाही बोलावलं. भिंती रंगवून झाल्या होत्या, कॉफीचं मशीन खोक्यातच होतं. विलास आला. त्यानं चित्रावरचं फडकं काढलं.

खरं सांगते, सुंदर होतं. मागावर एक बाई बसलेली, नऊवारी, नथ, खिडकीतून येणारं ऊन अर्ध्या गालावर. धाग्यांवर तेच ऊन उतरलेलं. सत्तरीच्या हातात असा फटकारा! मी सगळीकडे बघितलं, पण नाव ठेवायला जागा मिळेना. माझ्या काकांशेजारी ते ठेवलं तर कुणीही त्याच्याकडेच बघेल, हे मला कळत होतं. माझ्या नाकाला जुन्याच मिरच्या नव्यानं झोंबल्या.

"आणि हे बघा सर," अमेयनं टेबलावर फ्रेम ठेवली. "ओरिजिनल सतरा मिळालं!"

विलासनं चष्मा लावला. वाकून बघितलं. आता हा म्हणणार, अरे हो, हेच माझं. एवढं म्हणाला की संपलं. सही तर ठिपक्यांत गेलेली. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"छे!" विलास म्हणाला. "हे माझं नाही."

"नाही?" अमेय.

"अरे, बोटं बघ ना त्याची! केळी आहेत की बोटं? असली बोटं मी पहिल्या वर्षाला असतानाही काढली नाहीत. माझ्या नावावर खपवू नकोस बाबा हे."

"मग कुणाचं सर?"

"शालिनीचंच असणार. तिला हात कधी जमलेच नाहीत. का गं?"

अमेयनं माझ्याकडे बघितलं. बघवत नव्हतं बिचाऱ्याला. पण माझ्या मनात काय चाललं होतं ते त्याला कुठून कळणार? काकांची बोटं तशीच होती. जाड, पेरांवर फुगलेली. जन्मभर माग ओढलेल्या माणसाची. मी ती बघून काढली होती, एकेक पेर मोजून. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. साक्षीदारासमोर विलासच्या तोंडून माझं नाव निघालं होतं.

"हो," मी म्हटलं. "माझंच आहे. ऐकलंस ना अमेय?"

"ऐकलं मॅडम."

अमेय शब्दाला जागला. सतराव्या जागी माझे काका लागले, म्हणजे मूळ कार्डच, पट्टी झाकून काचेत, आणि खाली 'चित्र : शालिनी'. त्यानं विलासचं नवं चित्रही लावलं, काउंटरच्या मागे, एकटं, वर खास दिवा सोडून. मोक्याची जागा त्यालाच! उद्घाटनाला लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. मी कॉफी पीत मोजत नव्हते असं म्हणणार नाही.

मग पुण्याचे ते संग्राहक आले. आल्या आल्या सरळ तिसऱ्या ओळीशी गेले. विलासच्या नव्या चित्रापुढून गेले ते मानही न वळवता. सतरा नंबरपाशी थांबले, चष्मा काढला, पुन्हा लावला. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. तिघं मिळून काचेला नाक लावून उभे.

"हेच ते," एक जण दुसऱ्याला म्हणाला. मग संग्राहक माझ्याकडे वळले. "तुम्ही काढलंत? तुमची अजून कुठली कामं आहेत? उदबत्तीचे पुडे वगैरे? मूळ कागद ठेवलेत का?"

विलास काउंटरपाशी खास दिव्याखाली उभा होता. त्याच्या दाढीवर उजेड छान पडला होता. तो आमच्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर काय होतं ते मी लगेच ओळखलं. ते तोंड मी आरशात पुष्कळ वर्षं बघितलंय.

तसं बघितलं तर त्या तिघांपैकी एकानंही चित्र चांगलं आहे की वाईट हे म्हटलं नाही. बोटांविषयी तर चकार शब्द नाही. त्यांना चित्राशी देणंघेणं नव्हतंच. ते मिळत नव्हतं, म्हणून ते मोठं होतं. मला हे कळत होतं, आणि तरी मला फार, फार बरं वाटलं.

आठवड्यानं विलासचा फोन आला.

"अगं शालिनी, मी काल आठवत होतो. त्या सतरा नंबरचं... कच्चं स्केच मीच करून दिलं होतं ना तुला? कर्णिक साहेब म्हणाले होते बघ, विलास, जरा हात फिरव म्हणून. म्हणजे तसं ते आपलं दोघांचंच म्हणायला हवं."

मी खुर्चीत नीट बसले. खिडकी उघडी होती, ती लावून घेतली. मला हे वाक्य सावकाश बोलायचं होतं.

"हो का विलासराव? मला आठवत नाही हो. किती कामं केली त्या काळात!"

तिकडे तो खाकरला.

"आणि बोटं?" मी विचारलं. "तीपण दोघांची का?"

त्यानं 'बरं बरं, भेटू' असं काहीतरी म्हणून फोन ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या आधी मी आणि अमेय फ्रेम हरसूलला परत देऊन आलो. भिंतीवर आता सतरा नंबरचीही मोठी केलेली प्रत आहे. त्या प्रतीवर काम करताना कंपनीची पट्टी काढून मागाचा खालचा भाग मीच रंगवून भरला. या वेळी स्वतःच्याच हातासारखा हात फिरवायचा होता, त्यामुळे काम लवकर झालं.

नवीन मुलं कधीकधी विचारतात, मॅडम, या धंद्यात काय लक्षात ठेवायचं? मी त्यांना रंग, ठिपके, माप वगैरे सगळं सांगते आणि शेवटी एक सांगते. शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमच्याहून चांगलं काढत असेल तर काढू द्या, त्याला इलाज नाही. पण सही मोठी करा. बारीक सही छपाईत जाते.